चिपळूणला घर बांधताय? आधी पूररेषा पाहा

प्रश्न : निवृत्तीनंतर डोंबिवली सोडून चिपळूणला राहायला जायचं आहे. प्लॉट पाहिलाय. ठेकेदार कसा निवडावा?

उत्तर : ठेकेदार नंतर. आधी प्लॉट पूररेषेच्या आत येतो का, ते नगरपरिषदेत नकाशावर पाहा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. 22 जुलै 2021 च्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा; भिंतीवर हात ठेवून दाखवतील. विकणारा नाही दाखवणार! डोंगर कापून सपाट केलेला प्लॉट असेल, तर माझ्या मते नादच सोडा.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधलेल्या बंगल्याला महारेराचं संरक्षण नसतं. लेखी करार हाच आधार. ठेकेदाराने बांधलेलं, दोन पावसाळे काढलेलं घर बघा : छज्ज्याखालची ओल, खिडकीच्या कोपऱ्यातल्या तिरक्या भेगा. कोयनेचं भूकंपक्षेत्र जवळ आहे, म्हणून त्याच्या चालू साइटवरही जा. कॉलमच्या रिंगांची टोकं आत, 135 अंशांत वळवलेली हवीत. 90 वरच सोडलेली दिसली, तर चहा पिऊन परत या. पैसे कामाच्या टप्प्यांनुसारच द्या, आणि तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने सळई तपासल्याशिवाय स्लॅब भरू देऊ नका.