मिरजेचे सतारमेकर



एखादा थोर गवई निवर्तला म्हणजे वर्तमानपत्रांतून लेख येतात, दुखवट्याच्या सभा भरतात आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्या पुण्यतिथीस गाणे होते. हे योग्यच आहे. परंतु ज्या तंबोऱ्याच्या आधाराने तो गवई जन्मभर गायिला, तो तंबोरा घडविणारा मनुष्य गेला तर त्याची वार्ता कितीजणांच्या कानी पडते? रंगमंचावर त्याचे नाव कोणी घेत नाही, टाळ्यांचा कडकडाट त्याच्यासाठी होत नाही. तथापि मैफलीतील पहिला सूर त्याच्या हातचा असतो, आणि गवई थांबल्यावर शेवटी विरत जाणारा सूरही त्याच्याच हातचा असतो.

हा विचार आमच्या मनात येण्यास एक लहानसे निमित्त घडले. स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या. शाळेचा जुना तंबोरा भिंतीशी टेकवून ठेवला होता. एका विद्यार्थ्याने त्याच्या भोपळ्यावरून हात फिरवीत विचारले, "गुरुजी, हा कोणी केला?" आम्ही सहज उत्तर दिले, "मिरजेचा आहे." त्यावर तो म्हणाला, "गावाचे नाव नको, माणसाचे सांगा." आम्ही निरुत्तर झालो. वीस वर्षे ज्या वाद्याच्या साथीने प्रार्थना चालली, त्याच्या कर्त्याचे नाव आम्ही मुलांना कधी सांगितलेच नव्हते. ते ऋण अंशतः तरी फेडावे, म्हणून हा लेख.

मिरज म्हटले की आमच्या पुष्कळ पालकांना डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेले मिशनचे रुग्णालय प्रथम आठवेल. सोलापूरकडील कितीतरी रोगी कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गाच्या गाडीने तेथे गेले असतील. पण त्याच गावात आणखी एक प्रकारचे रुग्णालय आहे. तेथे तडकलेले भोपळे सांधले जातात, वाकलेल्या दांड्या सरळ होतात आणि मुके झालेले तंबोरे पुन्हा बोलू लागतात. त्या वस्तीला लोक सतारमेकर गल्ली म्हणतात.

या गल्लीचे मूळ शोधू गेल्यास ते तलवारीपाशी पोचते. शिकलगार नावाची जमात शस्त्रांना धार लावणे, त्यांना पाणी देणे, लखलखीत झिलई करणे, ही कामे पिढ्यान् पिढ्या करीत असे. १८१८ साली पेशवाई बुडाली. पुढे इंग्रजी अंमल स्थिर होत गेला, तसतशी संस्थानिकांची फौज नावापुरती उरली आणि तलवारी खुंटीला लागल्या. ज्याच्या धंद्याचे मूळच तुटले, त्याने काय करावे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेच्या शिकलगारांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

मिरजेस पटवर्धनांचे संस्थान होते व त्या दरबारी संगीताचा आदर होता. वाद्ये मात्र दूरदेशाहून आणावी लागत, आणि ती बिघडली म्हणजे दुरुस्तीस माणूस मिळत नसे. तेव्हा फरीदसाहेब व त्यांचे बंधू मोइनुद्दीन या शिकलगारांच्या हाती मोडकी वाद्ये आली, असे मिरजेत परंपरेने सांगतात. त्यांनी ती उकलून पाहिली, सांधली, वाजती केली. आणि दुरुस्ती करता करता एक दिवस स्वतःचे वाद्य घडविले. १८५० च्या सुमाराची ही गोष्ट होय. पोलादाची धार ओळखणारी बोटे आता तारेचा सूर ओळखू लागली.

येथे आपल्या जिल्ह्याचा एक अभिमानाचा भाग आहे, तो सोलापूरच्या मुलांस ठाऊक असलाच पाहिजे. तंबोऱ्याचा मोठा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या काठच्या शेतांत होतो. हा भाजीचा भोपळा नव्हे. चवीला कडू आणि सालीला जाड अशी ही जात आहे. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्यास पन्नास इंचांहून अधिक घेराचे फळ लागते. ते पुरते पक्व होऊन वाळण्यास कित्येक महिने जातात. घाई केली तर साल आकसते व वाद्य फुकट जाते. म्हणजे मिरजेच्या तंबोऱ्याचा घुमारा जेथे साठतो, ते पोट आपल्याच मातीत वाढलेले असते.

वाळलेला भोपळा कारागीर पाण्यात भिजवितो, वरून कापून आतील गर व बिया खरवडून काढतो, आणि कापलेले तोंड आत ओढले जाऊ नये म्हणून त्यास काठ्यांचा आधार देऊन पुन्हा वाळवितो. मग तुनीच्या लाकडाचा गळा बसतो, पोकळ दांडी जोडली जाते आणि भोपळ्याच्या तोंडावर पातळ लाकडाची तबली चढते. सांधे सरसाने पक्के होतात. त्यानंतर खुंट्या, नक्षीची पाने आणि झिलई. इतके झाल्यावर वाद्य दिसण्यास पुरे होते. बोलण्यास मात्र पुरे होत नाही.

बोलते ते जवारीने. तबलीवर मध्यभागी जी रुंद घोडी असते, तिच्या पाठीस कानशीने इतका सूक्ष्म उतार द्यावा लागतो की तार तिच्यावर नुसती टेकत नाही, तर कंप पावताना तिला हलकेच स्पर्शत राहते. त्या स्पर्शाने एका सुरातून अनेक सूर उमलतात. तारेखाली सुताचा बारीक दोरा सारून तो केसभर पुढे-मागे केला की आवाज एकदम खुलतो. हा उतार मापपट्टीने मोजता येत नाही. कानशीचा एक हात जास्त फिरला तर सगळी मेहनत वाया जाते, आणि एक कमी पडला तर तार बद्द वाजते. येथे डोळा नव्हे, कान काम करतो. आणि तो कान तयार होण्यास निम्मे आयुष्य लागते.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. एवढ्या कष्टाने मिळविलेली विद्या मनुष्य सहसा लपवून ठेवतो. बापाने मुलाला सांगावे, पुतण्याला सांगू नये, शेजाऱ्याला तर नाहीच नाही, असे प्रकार आपल्या देशात कित्येक हुन्नरांत घडले व त्यांपैकी किती तरी हुन्नर त्यांच्या धन्यांबरोबरच मातीत गेले. मिरजेत तसे झाले नाही. फरीदसाहेबांच्या घरची विद्या भाऊबंदांत गेली, तेथून जमातीतील इतर घरांत गेली. आणि तलवारींची शिकलगारी करणाऱ्या अनेक कुटुंबांनी सतारमेकर हेच आपले नाव करून घेतले. आज त्या कामाच्या सुमारे सात पिढ्या मोजतात. ही विद्या एकाच घरात कुलपात राहिली असती, तर मिरजेत एखादे दुकान असते, गल्ली नसती. त्या गल्लीएवढे दुसरे स्मारक फरीदसाहेबांचे कोणते असणार?

या गल्लीचा उपयोग कोणाकोणाला झाला, ते पाहा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहिले आणि त्यांच्यापाशी विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले. याच पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सामान्य जनांच्या दारी नेले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ दूर उत्तरेतील किराण्याचे; पण त्यांनी मिरज हे आपले घर केले. वाद्यांची डागडुजी ते स्वतःच्या हाताने करीत. तंबोरा मनासारखा लागल्यावाचून त्यांना गाणे सुचत नसे. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असता त्यांना मृत्यू आला, तरी देह मिरजेसच आणला गेला. मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ ते विसावले आहेत, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे गवई येऊन हजेरी लावतात. गवई बदलतात, राग बदलतात; मागे झंकारणारा मिरजेचा तंबोरा मात्र तोच.

थोरांचे हे झाले. आता आमच्या लहानशा अनुभवाविषयी सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेचा तंबोरा बद्द बोलू लागला, म्हणून आम्ही तो घेऊन मिरजेस गेलो. एका वृद्ध कारागिराने तो मांडीवर घेतला, चारी तारा एकदा छेडल्या आणि विचारले, "मास्तर, याच्याबरोबर कोण गाते?" आम्ही म्हटले, "मुले गातात, चाचा." ते म्हणाले, "मग जवारी जरा मोकळी ठेवतो. मोठ्यांची जवारी मुलांच्या गळ्याला जड होते." दोन प्रहर ते कानशी चालवीत होते. मध्येच त्यांनी आम्हाला जवळ बसवून सुताचा दोरा कसा सारावा, मणका कसा फिरवावा, पावसाळ्यात तारा किती सैल सोडाव्या, हे सर्व दाखविले. "हे शिकलात म्हणजे दर खेपेस मिरजेपर्यंत यायला नको," असे ते हसून म्हणाले. ज्या ज्ञानावर त्यांचे पोट, ते त्यांनी गिऱ्हाइकास फुकट दिले. मजुरी विचारता म्हणाले, "पोरांच्या तंबोऱ्याचे पैसे घेतले, तर तो माझ्यावर रुसेल." आम्ही पुष्कळ आग्रह केला, त्यांनी नव्या तारांची किंमत तेवढी घेतली.

पुढे दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो, तो ते नव्हते. दुकानात त्यांचा मुलगा बसला होता. समाचारास आलेली चार-पाच माणसे होती. एक सतार वाजविणारे, एक भजनी मंडळाचे वृद्ध बुवा, एक खेड्यातील संगीत शिक्षिका. त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण प्रत्येकाची कथा एकच होती. कोणाची मजुरी त्यांनी सोडली होती. कोणाला हप्त्याने वाद्य दिले होते. कोणाच्या मैफलीच्या आदल्या रात्री जागून तडकलेला भोपळा सांधला होता. बुवा म्हणाले, "माझ्या गळ्याला काय हवे, ते मला कळायच्या आधी त्यांना कळत असे. आता ते कोणाला सांगू?" त्या वाक्याने आम्हाला कळले की कारागीर जातो तेव्हा त्याच्याबरोबर नुसते दोन हात जात नाहीत, शेकडो गळ्यांची ओळख ठेवणारा एक कान जातो. हा शोक निराळाच असतो. त्याच्या मागे सभा भरत नाही. पण ज्या ज्या घरी त्याचे वाद्य आहे, त्या त्या घरी कोणीतरी त्या दिवशी तार छेडून गप्प बसतो.

असा शोक केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांतील जोसेफ केकुकू या तरुणाने गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्या तारांवरून पोलादाचा तुकडा सरकविण्याची रीत रूढ केली. आपल्या विचित्र वीणेशी तिचे नाते जुळते, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तीवर आपले रागही वाजविले. ही पोलादी गिटार वाजविणारे थोडे आणि घडविणारे त्याहून थोडे. म्हणून त्यांतील एखादा उदार कारागीर निवर्तला की वाजविणाऱ्यांस घरचा वडील मनुष्य गेल्यासारखे दुःख होते. मिरजेच्या दुकानात आम्ही पाहिले, ते याहून वेगळे नव्हते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मानांकनाने भोपळा पिकत नाही. उसासारखे हमखास पैशाचे पीक सोडून शेतकऱ्याने कडू भोपळ्याचा वेल का लावावा? जवारी शिकण्यास निम्मे आयुष्य लागते, तर तरुणाने दुसरी नोकरी का धरू नये? १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेचा तंबोरा सिद्ध केला, आणि आता तर तो आवाज खिशातील दूरध्वनीतूनही निघतो. घरच्या रियाजास, प्रवासास ती सोय चांगलीच आहे. आम्ही तिची निंदा करणार नाही. पण त्या पेटीला कोण गाते हे विचारता येत नाही, आणि मुलांच्या गळ्यासाठी ती आपण होऊन मोकळी होत नाही.

मग आपण काय करावे? मुलांनो, तुम्हांपैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा या सोलापुरात मागावर बसत. त्यांनी विणलेली चादर देशभर गेली. विणणाऱ्याचे नाव तिच्यावर नव्हते. म्हणून निनावी हातांचा मान राखणे हे आपल्याला कोणी निराळे शिकवावयास नको. वस्तू वापरताना तिचा कर्ता कोण, हे विचारा. आपल्याला जे येते ते दुसऱ्यास दाखविण्यात कृपणता करू नका; दिल्याने विद्या कमी होत नाही, हे मिरजेच्या गल्लीने सिद्ध केले आहे. आणि पालकांस आमची विनंती की, घरी एखादे जुने वाद्य कापडात गुंडाळून माळ्यावर पडले असेल, तर ते खाली काढा, दुरुस्त करवून घ्या व मुलांच्या हाती द्या. कारागिराला वाहण्याची खरी श्रद्धांजली हीच.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आता देऊ शकतो. आमच्या तंबोऱ्यावर कर्त्याचे नाव कोरलेले नाही. पण त्याची जवारी ज्यांनी मोकळी केली, ते गृहस्थ आम्हाला ठाऊक आहेत, आणि त्यांच्या मागे फरीदसाहेबांपर्यंत जाणारी सारी परंपराही. त्यांनी आम्हाला दाखविलेला सुताचा दोरा आता आम्ही मुलांना सारावयास शिकवीत आहो. परवा त्याच विद्यार्थ्याने तो स्वतः सारला. प्रथम दोन-तीन वेळा तार बद्द वाजली. मग एकाएकी ती खुलली, आणि वर्गातील सगळी मुले बोलायची थांबली.