पाण्यात भिजलेली एअरसॉफ्ट बंदूक : कारागिरांसाठी एक धडा

विजेवर चालणारी एअरसॉफ्ट बंदूक एकदा भिजली की कामातून गेली, असा ग्राहकाचाच नव्हे तर पुष्कळ दुकानदारांचाही समज असतो. आमच्या मते हा समज अर्धाच खरा आहे. हे यंत्र भिजल्यामुळे क्वचितच मरते. भिजल्यावर चार-आठ दिवस तसेच बंद पिशवीत पडून राहिल्यामुळे मरते. ज्या कारागिराला हा फरक कळला, तो थोड्या मजुरीत ते वाचवतो. ज्याला कळला नाही, तो ग्राहकाला नवी मोटार घ्यायला लावतो आणि महिन्याभराने तीच तक्रार पुन्हा ऐकतो.

वस्तू मूळची जपानची. तेथे सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी हवेच्या दाबाने फेकणाऱ्या हुबेहूब नकला तेथे तयार झाल्या. १९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने फामास या फ्रेंच रायफलीची बॅटरीवर चालणारी नक्कल बाजारात आणली आणि पुढे सर्वांनी तोच साचा गिरवला. २००६ मध्ये जपानने कायदा बदलून अशा गोळीच्या जोरावर सुमारे ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. दिसायला ही बंदूक खरी वाटते. त्यामुळे ती मागवण्याचा किंवा विकण्याचा विचार असणाऱ्यांनी आधी शस्त्र कायद्याचे व आयातीचे नियम जाणकाराकडून समजून घ्यावेत.

आपल्या गावातील दुकानात अशी बंदूक रोज येणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण तिच्यातील कार्बनची मोटार, दातेरी चाके आणि बॅटरी ही सारी ओळखीची मंडळी आहेत. बॅटरीवरच्या ड्रिलमध्ये आणि पाठीवरच्या फवारणी पंपातही याच जातीची मोटार असते.

आतली रचना अशी. घोडा दाबला की पॉइंट एकमेकांना टेकतात आणि मोटार फिरते. तीन दातेरी चाकांमधून तिचा जोर पिस्टनपर्यंत पोचतो, पिस्टन स्प्रिंग दाबत मागे जातो आणि सुटतो. त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन गोळी नळीतून बाहेर पडते. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हे चालते.

आता पाणी शिरले तर काय होते? बॅटरी साधारण ७ ते ११ व्होल्टची असते, म्हणून माणसाला झटका बसत नाही. पावसाचे पाणी विजेला फारशी वाट देत नाही, त्यामुळे मोटार ओली असतानाही फिरते. तारेवर वार्निश असतेच. ग्राहक म्हणतो, "भिजली तरी चालतेय," आणि नेमका येथेच फसतो. बॅटरी जोडलेली राहिली तर ओल्या पॉइंटमधून बारीकसा प्रवाह सतत वाहतो आणि तांबे हिरवे पडून खाल्ले जाते. मोटारीतील चुंबकाला व पत्र्याला गंज चढतो, कार्बन त्याच्या घरात अडकतो. ग्रीसमध्ये पाणी मिसळून त्याचे दुधट पांढरे लोणी होते आणि ते दातांना धरून राहत नाही. स्टीलचे छोटे बेअरिंग गंजून जाम होतात. तेल मुरवलेले पितळी बुश मात्र बराच काळ तग धरतात. जस्ताच्या मिश्रधातूच्या गिअरबॉक्सवर पांढरी पूड धरते.

एक धोका मात्र लगेचचा आहे. पिस्टनच्या पुढच्या नळकांड्यात पाणी भरले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन सावकाश पुढे सरकतो आणि तो जागेवर येण्याआधीच चाकाचे दाते त्याला पुन्हा पकडतात. पिस्टन प्लास्टिकचा असला तर त्याचे दाते सोलून निघतात. म्हणून पाण्यात बुडालेली बंदूक चालवून पाहू नये. नळीचे तोंड खाली करून आधी पाणी निथळू द्यावे.

नेम बिघडण्याची तक्रार वेगळी आहे. नळीच्या सुरुवातीला रबराचा एक उंचवटा असतो. तो गोळीला उलटी फिरकी देतो आणि त्या फिरकीवरच गोळी लांबवर सरळ जाते. रबर ओले झाले की गोळी घसरते, फिरकी मिळत नाही आणि ती अलीकडेच पडते. नळी व रबर पुसून कोरडे केले की बहुधा काम भागते. येथे नवी स्प्रिंग घालण्याची घाई करणारे कारागीर आहेत. ग्राहकाचे पैसे गेले, दोष तसाच राहिला.

दुरुस्तीत सर्वांत आधी बॅटरी काढावी. नंतर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, गिअरबॉक्स उघडावा. बिघडलेले ग्रीस पूर्ण काढावे. जुन्यावर नवे चोपडू नये. लोखंडी चाके रॉकेलमध्ये धुतली तरी चालतात, पण पिस्टनवरची रबरी रिंग रॉकेलने फुगते. ती वेगळी काढून पुसावी आणि तिला सिलिकॉन तेलाचा हलका हात द्यावा. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने उजळावेत. मोटार स्पिरिटने धुतली असेल तर वास पूर्ण गेल्याशिवाय वीज जोडू नये, कारण कार्बनवर ठिणगी पडतेच. मोटार भट्टीत किंवा शेगडीवर वाळवू नये. पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवली तर पुरते.

समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात पडलेल्या यंत्राला उलटा उपाय लागतो. बॅटरी काढून आधी ते गोड्या पाण्याने खळखळून धुवावे, मग वाळवावे. मीठ आत राहिले तर ते हवेतला ओलावा ओढत राहते आणि गंज थांबत नाही.

आमच्या मते जुन्या साध्या पॉइंटच्या बंदुका पाण्याला जास्त सोसतात. आता घोड्यापाशी इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवतात. त्याने पॉइंट जळायचे थांबले, पण पट्टीवर संरक्षक लेप नसेल तर थोड्या पाण्यानेही ती वेडीवाकडी वागते, कधी घोडा सोडल्यावरही मोटार फिरत राहते. लिथियम बॅटरी भिजली तर चार्जिंगला लावूच नये. ती फुगलेली दिसली तर दुकानात न ठेवता उघड्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी.

डब्यावर "पाणीरोधक" असा शब्द असला तर त्यावर जाऊ नये, अंक विचारावा. आयपीएक्स ४ म्हणजे चहूबाजूंचे शिंतोडे चालतील एवढेच. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. अंक नसेल तर विक्रेत्याने ग्राहकाला पावसाची हमी देऊ नये.

वापरलेली बंदूक विकत घेताना स्क्रूच्या खाचा, बॅटरीचे टोक आणि मोटारीची तळपट्टी पाहावी. भिजल्याची खूण बहुधा तेथेच सापडते. गोळ्यांचेही पाहावे. मातीत विरघळणाऱ्या जातीच्या गोळ्या ओलाव्याने किंचित फुगतात आणि नळीत अडकतात. पावसाळ्यात त्यांचे पाकीट उघडे ठेवू नये, उरलेला माल हवाबंद डब्यात भरावा.