हृदयाजवळची नळी : दीर्घकालीन शिरानलिकेची ओळख

किरनापूर परिसरातून कर्करोगाच्या उपचारासाठी गोंदियामार्गे नागपूरला किंवा थेट मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेलेले काही रुग्ण परत येतात, तेव्हा त्यांच्या छातीतून एक बारीक पांढरी नळी बाहेर आलेली दिसते. काहींच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, नाण्याएवढा उंचवटा हाताला लागतो. घरची माणसे बिचकतात, शेजारी नाना तर्क करतात. म्हणून या साधनाची माहिती येथे देत आहोत.

हाताची नीला लहान असते व तिच्यातील रक्तप्रवाह मंद असतो. कर्करोगावरील कित्येक औषधे दाहक असल्याने ती वारंवार दिल्यास नीला कडक होते. औषध बाहेर झिरपल्यास मांस जळून व्रण पडतो. याउलट हृदयात उघडणाऱ्या ऊर्ध्व महानीलेतून दर मिनिटास सुमारे दोन लिटर रक्त वाहते. तेथे सोडलेले औषध तत्काळ पातळ होते. नळीचे टोक याच जागी ठेवण्यात येते.

हृदयापर्यंत नळी नेणे शक्य आहे, हे सन १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान याने स्वतःवरच प्रयोग करून दाखविले. त्याने आपल्या हाताच्या नीलेतून मूत्रमार्गाची नळी आत सरकविली व तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. वरिष्ठांनी त्याची फारशी कदर केली नाही. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५६ मध्ये. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील डॉ. स्टॅन्ले डड्रिक यांनी आतडी निकामी झालेल्या रुग्णाचे संपूर्ण पोषण महानीलेतून करता येते, हे सिद्ध केले. परंतु नळी महिनोन्‌महिने टिकावी कशी?

उत्तर सिएटल येथे सापडले. डॉ. ब्रोव्हिएक यांनी १९७३ मध्ये मऊ सिलिकोन रबराची नळी वापरात आणली. ती छातीच्या कातडीखालून काही अंतर बोगद्यासारखी नेली जाते, आणि तिच्यावर डेक्रॉन कापडाचा छोटा पट्टा असतो. काही आठवड्यांत शरीराचे तंतू या पट्ट्यात रुजतात. नळी जागीच घट्ट बसते व कातडीवरील जंतूंची वाटही अडते. एवढ्याशा कापडाने मोठेच काम केले! अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी डॉ. हिकमन यांनी १९७९ मध्ये हीच नळी अधिक रुंद केली. कातडीखाली संपूर्ण झाकलेली ‘पोर्ट’ नावाची डबी १९८२ च्या सुमारास आली. हाताच्या नीलेतून महानीलेपर्यंत नेलेली लांब नळी, म्हणजे ‘पिक’, हा तिसरा प्रकार होय.

आपल्या देशात टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. त्यांनी हे तंत्र सिएटललाच अभ्यासिले होते. बालपणीच्या पोलिओमुळे ते चाकांच्या खुर्चीतून काम करीत आले, हेही शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

आता गावातील काळजी. अशा रुग्णास १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आला, किंवा नळीतून द्रव सोडल्यावर थंडी वाजून हुडहुडी भरली, तर नळीत जंतू शिरल्याचा संशय घ्यावा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. औषधांमुळे रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतील, तर काही तासांतच प्राणावर बेतू शकते. बाहेरची नळी फुटल्यास तुटलेल्या जागेच्या वर, शरीराच्या बाजूस, चिमटा लावून ती ताबडतोब बंद करावी. अन्यथा रक्त वाहते वा हवा आत ओढली जाते.

पोर्टमध्ये साधी सुई कधीही टोचू नये, कारण तिने डबीचा पडदा कुरतडला जातो. त्यासाठी निराळी ‘ह्यूबर’ सुई असते. पिक असलेल्या हाताचा रक्तदाब मोजू नये. नळी बाहेर असेल तर तलावात किंवा बोडीत पोहणे वर्ज्य, आणि रोवणीच्या चिखलातही उतरू नये. पोर्टची जखम भरली असून सुई काढलेली असेल, तर स्नानास आडकाठी नाही. असे मूल शाळेतही येऊ शकते. मात्र उंचवट्यावर मार बसेल असे खेळ टाळावेत, आणि दप्तराचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्यावयास सांगावे.

वापर नसतानाही नळी ठरावीक मुदतीने धुवावी लागते. पिक साधारणतः आठवड्यास, तर पोर्ट चार किंवा अधिक आठवड्यांनी. नेमकी मुदत रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेली असते. तो कागद घडी करून रुग्णाजवळच ठेवावा, कारण रात्री तपासणाऱ्या डॉक्टरास प्रथम तोच लागतो.