कमरेला बांधलेला माग

थायलंड आणि म्यानमारच्या (पूर्वीच्या ब्रह्मदेशाच्या) डोंगराळ भागातील करेन स्त्रियांच्या पारंपरिक मागाला चौकटच नसते. ताण्याचे एक टोक खांबाला, दुसरे विणणारीच्या कमरपट्ट्याला. मग ताण राखतो कोण? तिचे शरीर!

समजा, उभे धागे १०० सें.मी. लांब आहेत. बाणा ओवण्यासाठी त्यांतले निम्मे मध्यावर ५ सें.मी. उचलले, तर पायथागोरसच्या सिद्धांतानुसार त्यांचा मार्ग सुमारे १००.५ सें.मी. होतो. (करून पाहा.) हा अर्धा सेंटिमीटर आणायचा कोठून? सूत फारसे लांबत नाही, तुटते मात्र चटकन. म्हणून ती किंचित पुढे झुकते. लाकडी पट्टीने बाणा ठोकताना मागे रेलून ताण वाढवते.

कापडाची रुंदी हाताच्या आवाक्याइतकीच. म्हणून करेन अंगरखा दोन अरुंद पट्ट्या जोडून शिवतात. गळा व हात यांच्या जागा न शिवता सोडतात. कात्री लागतच नाही.