गोळी बंद करण्याआधी

माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट आहे. तो बसवला तेव्हापासून रात्रीची एक गोळी कायमची मागे लागली, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 80 मिलिग्रॅम. स्टेंट बसवलेल्या रुग्णाला बहुधा अशीच चढी मात्रा देतात आणि त्याला भक्कम आधार आहे. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतो ते कोलेस्टेरॉल, साधारण 39 मिलिग्रॅमने उतरलं की हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका जवळजवळ एक-पंचमांशाने घटतो, हे लाखाहून अधिक लोकांवरच्या चाचण्यांतून पुढे आलेलं आहे. हे आधीच सांगते, कारण पुढची हकीकत वाचून कुणी स्टॅटिन टाकून देऊ नये, अशी माझी कळकळ आहे.

सुरुवातीला काहीच जाणवलं नाही. मग मांड्या जड वाटायला लागल्या. पूजेला बसले की पाटावरून उठताना हात टेकावा लागे. साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घराचा जिना मी नोकरीत असताना हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन चढायचे, तिथे आता कठडा धरावा लागू लागला. वयाप्रमाणे चालायचंच, असं घरातले म्हणाले, डॉक्टरांना दाखवायला गेले तेव्हा तिथेही तेच ऐकलं. त्याच पावसाळ्यात खोकला धरला. जवळच्या दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स मिळाला. आधीची कोणती औषधं चालू आहेत, हे ना तिथे कुणी विचारलं, ना औषधाच्या दुकानात. कोर्स संपता संपता दुखणं इतकं वाढलं की केस विंचरायला हात वर जाईना. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. सुनेने ते ऐकलं आणि रात्रीच रुग्णालयात नेलं.

रक्तातलं सीपीके तिथे काही हजारांत निघालं. हे स्नायूंमधलं एन्झाइम आहे, स्नायूंचे तंतू तुटले की ते रक्तात उतरतं. त्यासोबत मायोग्लोबिन नावाचं प्रथिनही बाहेर पडतं, त्यानेच लघवी काळपट होते आणि तेच मूत्रपिंडात अडकून ती निकामी करू शकतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सलाईन चढवून माझी मूत्रपिंडं वाचवली.

असं का झालं, ते प्रत्येक स्टॅटिन घेणाऱ्याने समजून घ्यायला हवं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचा निचरा यकृतातलं एक एन्झाइम करतं. क्लॅरिथ्रोमायसिन तेच एन्झाइम अडवतं. म्हणजे मी गोळी एकच घेत होते, पण रक्तात ती साचत चालली होती. असा गंभीर प्रकार एरवी फार दुर्मीळ, वर्षाला दहा हजार रुग्णांत एखाद्याला होईल इतकाच. मात्र दोन औषधं एकमेकांना भिडली, की हा हिशेब बदलतो. 2001 साली सेरिव्हास्टॅटिन नावाची गोळी जगभरच्या बाजारातून मागे घ्यावी लागली ती याच विकाराने माणसं दगावली म्हणून, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सोबत जेमफायब्रोझिल हे ट्रायग्लिसराइडचं औषध चालू होतं. नायट्यासाठी सर्रास लिहून दिलं जाणारं इट्राकोनॅझोल, रक्तदाबासाठीचं डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल, गाउटसाठीचं कोल्चिसिन, ही नावंही ध्यानात असू द्या. यांतलं काही चालू असेल तर स्टॅटिनचा प्रकार किंवा मात्रा बदलावी लागू शकते.

तपासण्यांत आणखी एक गोष्ट निघाली, माझं थायरॉईड मंदावलेलं होतं. मंद थायरॉईडमुळे कोलेस्टेरॉलही वाढतं, स्नायूही दुखतात आणि स्टॅटिनचा त्रास व्हायची शक्यताही बळावते. बाई असणं, वय साठीपुढे असणं, अंगाने लहानखुरं असणं, हेही त्याच यादीत येतं. मी त्या सगळ्यात बसत होते. पाय दुखतात अशी पहिली तक्रार केली, तेव्हाच सीपीके आणि टीएसएच या दोन साध्या रक्ततपासण्या झाल्या असत्या, तर पुढचं बरंच टळलं असतं. म्हणून सांगते, दुखणं वयावर ढकलू देऊ नका. या दोन तपासण्या मागून घ्या.

स्टॅटिन थांबवलं आणि अंगात हळूहळू बळ येऊ लागलं, तसा घरात बाटल्यांचा ओघ सुरू झाला. कुणी को-क्यू-टेन आणलं, कुणी लसणाच्या कॅप्सूल, कुणी गुग्गुळ, कुणी अर्जुनाच्या सालीचं चूर्ण. अमेरिकेतल्या भाच्याने 'रेड यीस्ट राइस' पाठवलं, लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाचं, अगदी नैसर्गिक म्हणून. देणाऱ्यांची माया खरी होती. मी सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि हृदयरोगतज्ज्ञांसमोर मांडल्या. त्यांनी एकेक उचलून लेबल वाचलं. माझी सप्लिमेंटची शाळा तिथेच झाली.

भाच्याची बाटली त्यांनी पहिली बाजूला काढली. "बाई, हे स्टॅटिनच आहे," ते म्हणाले. या लाल तांदळातलं मोनॅकोलिन-के आणि लोव्हास्टॅटिन ही गोळी हे रसायन म्हणून एकच आहेत. फरक इतकाच, की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते ठाऊक असतं, कॅप्सूलमध्ये ते बाटलीगणिक बदलतं. ज्याचे स्नायू नुकतेच स्टॅटिनने दुखावलेत त्याने नैसर्गिक म्हणून तेच मागच्या दाराने घ्यायचं, हे भयंकर आहे. 2024 साली जपानमध्ये अशाच लाल तांदळाच्या सप्लिमेंटमध्ये भलत्याच बुरशीचं विष शिरलं आणि कित्येकांची मूत्रपिंडं बिघडली, माणसं गेली. माझ्यासारखीला तर मूत्रपिंडाची जोखीम परवडणारीच नव्हती.

गुग्गुळाबद्दल मला जुनी श्रद्धा होती. पण 2003 साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल उतरण्याऐवजी थोडं चढलं आणि काहींना अंगावर पुरळ आलं. लसणाची कॅप्सूल ही फोडणीतल्या लसणासारखी नसते. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना ती रक्तस्रावाचा धोका वाढवू शकते. 2022 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल आणि लाल तांदूळ ही सहा सप्लिमेंट रोझुव्हास्टॅटिनच्या 5 मिलिग्रॅमच्या लहानशा गोळीशेजारी ठेवली. चार आठवड्यांत गोळीने एलडीएल जवळजवळ 38 टक्के उतरवलं. सप्लिमेंटपैकी एकानेही नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा एलडीएल ठळकपणे जास्त उतरवलं नाही.

अर्जुनाची साल आयुर्वेदात शतकानुशतकं हृदयासाठी वापरली जाते. तिचा मान मी राखते. मात्र स्टेंट असलेल्या माणसाने स्टॅटिन सोडून ती घेतली आणि झटके टळले, असं मोठ्या चाचणीने दाखवलेलं नाही. आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींतल्या एका गृहस्थांनी नेमकं हेच केलं, कुणालाही न सांगता. वर्ष उलटायच्या आत त्यांना दुसरा झटका आला. ते वाचले, पण हृदयाची ताकद पुष्कळ गेली.

को-क्यू-टेन मी घेतलं, डॉक्टरांना सांगून. शरीर ज्या वाटेने कोलेस्टेरॉल बनवतं त्याच वाटेवर को-क्यू-टेनही बनतं, म्हणून स्टॅटिनने रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. इथवर शास्त्र ठाम आहे. ते बाहेरून घेतल्याने स्नायूंचं दुखणं थांबतं का, यावर काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही. माझे पाय हलके झाले, पण तेव्हा स्टॅटिन बंद होतं आणि थायरॉईडची गोळी सुरू होती, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मी ठरवणार नाही. परवडत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर काही आठवडे घेऊन बघायला माझी ना नाही. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी मात्र विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये, त्या औषधाचा जोर को-क्यू-टेनने कमी होऊ शकतो. जीवनसत्त्व ड कमी निघालं तर ते हाडांसाठी जरूर भरून काढा. स्टॅटिनचं दुखणं ते टाळत नाही, हे मोठ्या चाचणीत तपासून झालं आहे.

सीपीके पूर्ववत झालं, थायरॉईड ताळ्यावर आलं, मगच डॉक्टरांनी पुन्हा स्टॅटिनचा विषय काढला. मला भीती वाटत होती. त्यांनी मला लंडनमधल्या 2020 सालच्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता, पण खऱ्या आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत तो जवळजवळ सारखाच निघाला. दुखणं काल्पनिक होतं असा याचा अर्थ नाही. दुखत होतंच, फक्त बहुतेकांचं कारण गोळीतलं रसायन नव्हतं. हे कळल्यावर त्यांतले निम्मे पुन्हा स्टॅटिन घेऊ लागले. माझ्या स्नायूंची इजा रक्तात दिसली होती, मी वेगळ्या गटातली. तरी तिचं कारण सापडलं होतं, म्हणून दुसरी संधी घेणं योग्य होतं.

रोझुव्हास्टॅटिन 5 मिलिग्रॅम, दिवसाआड. हे औषध शरीरात बराच वेळ टिकतं, म्हणून दिवसाआड चालतं, आणि त्याचा निचरा मुख्यतः त्या यकृतातल्या एन्झाइमवर अवलंबून नाही. जोडीला इझेटिमाइब 10 मिलिग्रॅम, जे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. माझ्यासारख्या अतिजोखमीच्या रुग्णाचं एलडीएल 55 च्या खाली हवं, असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. माझं आता तिथे आहे आणि पाटावरून मी हात न टेकता उठते. एवढंही ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे. ते यकृतात जागं होतं, स्नायूंत होत नाही. स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळजवळ 14 हजार लोकांवरच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने हृदयाच्या मोठ्या दुर्घटना 13 टक्क्यांनी कमी केल्या. युरिक अ‍ॅसिड मात्र तपासत राहावं लागतं.

आणि स्वयंपाकघर? ते औषधाची जागा घेत नाही, पण मात्रा लहान ठेवायला मदत करतं, हे मी स्वतः अनुभवते आहे. ज्वारी-नाचणीची भाकरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, जवसाची चटणी, जेवणाआधी पाण्यातून इसबगोल. रोज दहा ग्रॅमच्या आसपास इसबगोल घेतलं तर एलडीएल थोडं, पाच-सात टक्के, उतरतं. थायरॉईडची गोळी घेत असाल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. फरसाण, खारी आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल घरातून गेलं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं तर पापड-लोणचं रोजचं राहत नाही. आमच्या भागातल्या कितीतरी बायका अजून मिश्री लावतात. तीही तंबाखूच आहे, हृदयाला घातक, आणि तिच्याबद्दल डॉक्टर विचारत नाहीत, बायका सांगत नाहीत. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, आणि स्नायूंना बळ यावं म्हणून खुर्चीवरून हात न लावता उठबस, फिजिओथेरपिस्टने शिकवली तशी, हळूहळू वाढवत.

स्टॅटिन घेत असाल आणि दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे दुखू लागले, तर गोळी परस्पर सोडू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. लघवी काळपट झाली किंवा हात-पाय उचलेनासे झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, सप्लिमेंट आणि काढ्यांसकट, एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कुणी विचारो न विचारो, कोणतंही नवं औषध घेण्याआधी तो कागद समोर ठेवा.