हाडांची पोकळी भरणारी सिरॅमिक द्रव्ये

अपघातात हाडाचा काही भाग नष्ट झाला किंवा गाठ काढल्यावर हाडात पोकळी राहिली, तर ती कशाने भरणार, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. आम्ही वाणिज्य शाखेचे. तथापि या साहित्याच्या खरेदीवर आमचीच स्वाक्षरी असते. म्हणून आमच्या अस्थिशल्यचिकित्सकांकडून जे समजून घेतले, ते येथे सादर करीत आहोत.

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचा असतो. याच घटकांपासून भट्टीत भाजून हायड्रॉक्सिॲपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही सिरॅमिक द्रव्ये बनवितात. १९६७ साली व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने, शरीर नाकारणार नाही असे द्रव्य निर्माण करता येईल काय, असे प्रा. लॅरी हेंच यांना विचारले. त्यातून १९६९ साली फ्लोरिडा विद्यापीठात हाडाशी घट्ट जोडली जाणारी जैवकाच तयार झाली.

ही द्रव्ये म्हणजे नवे हाड नव्हे. ती बांधकामाची परांची आहे. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत रक्तवाहिन्या व अस्थिपेशी शिरतात आणि हाड शरीरच घडविते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरघळते, तर हायड्रॉक्सिॲपेटाइट वर्षानुवर्षे टिकते. सिरॅमिक ठिसूळ असल्याने बहुधा धातूच्या पट्टीचा आधार लागतो व डॉक्टरांच्या अनुमतीविना पायावर भार देता येत नाही. जंतुसंसर्ग असल्यास तो आधी आटोक्यात आणावा लागतो.

एका तरुण रुग्णाच्या वडिलांनी कर्ज काढून हे द्रव्य आणण्याची तयारी दर्शविली होती. मुलाच्याच कमरेचे हाड पुरेसे असून त्यात जिवंत पेशी असल्याने तेच अधिक उत्तम, असे डॉक्टरांनी त्यांना समजाविले. कर्ज टळले. मात्र पोकळी मोठी असते किंवा कमरेवर दुसरी जखम करणे इष्ट नसते, तेव्हा सिरॅमिकचे मोल मोठे ठरते.

महाग ते उत्तम, असा हिशेब येथे लागू पडत नाही. देणगीदारांचा पैसा गरज असेल तेथेच खर्च व्हावा, हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. नातेवाइकांनीही शस्त्रक्रियेपूर्वी निःसंकोचपणे प्रश्न विचारावेत, ही नम्र विनंती.