ओटीवर भुलण्याआधी

अगं, घर छान आहे, त्यात वादच नाही. ऐसपैस ओटी, झोपाळ्याच्या कड्या अजून जागच्या जागी, माजघरात सागाचे खांब, मागे विहीर आणि पोफळी. घेऊ नका असं मी म्हणणारच नाही. पण मी थोरली, आणि गेली कितीतरी वर्षं रत्नागिरीतच नांदतेय, तेव्हा जरा माझं ऐक. घ्या, पण अक्षय्यतृतीयेला नको, दसऱ्याला घ्या. मधला पावसाळा त्याच घरात भाड्याने राहून काढा. मालकाला म्हणावं, चार महिने भाडं घ्या, हवं तर थोडं जास्त घ्या. ज्याला खरोखर विकायचंय तो कुरकुर करील, पण देईल. अजिबातच नाही म्हणाला, तर का नाही याचा विचार तूच कर.

मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर गुणीच दिसतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कुठल्या बाजूने झड आत येते, कुठला वासा भिजतो, परसदारचं पाणी कुणाच्या आगरात शिरतं आणि त्यावरून कोण भांडायला येतं, हे जुलैत आपोआप कळतं. वादळाचंही विचारून ठेव. 2020 च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे घरांवरची छपरं उडाली, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ आलं. त्या दोन्ही वेळी या घराच्या छपराचं काय झालं, ते मालकाला नको, शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना विचार.

आता भिंतींकडे ये. चिऱ्याच्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नकोस. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो, पण तो सच्छिद्र. पाणी पितो आणि सोडतो. जुन्या लोकांनी चुन्यात बांधलं ते म्हणूनच, चुना ओल बाहेर जाऊ देतो. हल्ली विकायचं ठरलं की आतून सिमेंटचा गिलावा मारतात, वर गुलाबी ऑइलपेंट. मग ओल आतल्या आत कोंडते आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात. म्हणून मी तर म्हणते, कळकट भिंतीचं घर परवडलं, नव्याने रंगवलेल्या जुन्या घराला दहा प्रश्न विचार. कपाट पुढे ओढून मागे हात फिरव. तुळईच्या जोडात आणि वाशांच्या टोकांना, भिंतीवर टेकतात तिथे, टोच्या खुपसून बघ. वाळवी तिथूनच सुरुवात करते. सुतार सोबत ने, आणि त्याला घर विकत घेतोय असं सांगू नकोस, डागडुजी करायचीय म्हण. जास्त खरं बोलेल.

‘दोनशे वर्षांचं’ म्हणताहेत ना? असेलही. पण वर मंगलोरी कौलं आहेत, आणि मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी तो पहिला कारखाना काढला 1865 मध्ये. म्हणजे छप्पर तरी पुढे कधीतरी बदललेलं आहे. पूर्वी इथे कुंभाराची नळीची कौलं असायची. यात काही वाईट नाही, उलट बरंच. फक्त ‘दोनशे वर्षां’चे म्हणून जास्तीचे पैसे मोजू नकोस. अस्सल जुनं घर कसं असतं ते बघायचं असेल तर टिळक आळीत जा. लोकमान्य 1856 मध्ये जिथे जन्मले ते घर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, कुणीही जाऊन बघू शकतं. टिळकांचे वडील तिथे भाडेकरू होते, शाळामास्तर होते. खोल्यांची उंची, दारांची चौकट, उजेड कुठून येतो, हे सगळं डोळ्यांत भरून घे आणि मग आपलं बघ. थिबा राजवाडाही बघायला जाशीलच. तो मात्र राहायच्या घराचा धडा म्हणून नको. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे आणलं 1886 मध्ये, राजवाडा झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा गेला. एवढा मोठा पसारा, राहिला सहा वर्षं.

तू विचारलंस की राहणं आणि काम दोन्ही जमेल का. अगं, ही घरं त्यासाठीच तर बांधलेली. ओटीवर खोत हिशेब करायचा, खळ्यात झोडणी, माळ्यावर भात आणि नारळ, आंब्याच्या दिवसांत आतल्या अंधाऱ्या खोलीत पेंढ्यात अढी, पडवीत सोलणं-निवडणं. नुसतं राहायला म्हणून एवढी जागा कुणी बांधली नसती. तुझ्या अहोंना आंबापोळी आणि कोकमाचं करायचंय, तर खळं पूर्ण उन्हात आहे का ते बघ, शेजाऱ्याच्या फणसाची सावली दुपारी कुठवर येते ते बघ. रातांबे मे अखेरीस पिकतात आणि आमसुलं वाळायच्या आत पाऊस येऊन ठेपतो, त्या पंधरवड्यात एकेका तासाच्या उन्हाला किंमत असते. खाद्यपदार्थांचा परवाना लागतो, त्यासाठी स्वयंपाकघरापासून वेगळी, धुता येईल अशी जागा ठेवा. मागची पडवी त्याला उत्तम.

तुझं काम कॉम्प्युटरचं. माजघरात बसू नकोस. तिथे गारवा छान असतो, पण दिवसाही दिवा लागतो आणि श्रावणात पुस्तकांना बुरशी येते. ओटीच्या कडेची खोली घे, जमिनीपासून वीतभर उंच रॅक कर, आणि वायरिंग पूर्ण नवीन करून घे, अर्थिंगसकट. रोहिणीत आणि परतीच्या पावसात इथे विजा अशा पडतात की मोडेम जळणं ही घरोघरची गोष्ट. लाइट जाण्याचं तर बोलूच नको. इन्व्हर्टरचा खर्च घराच्या किमतीतच धर.

आता मुख्य. भिंती दुरुस्त होतात गो, उतारा दुरुस्त व्हायला पिढ्या जातात. मालक म्हणाला ना, ‘घरपट्टी माझ्या नावावर आहे’? घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा एवढंच सांगतो की कर कोण भरतो. इथे कितीतरी ठिकाणी घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची. खोती 1949 च्या कायद्याने संपली, पण तिचे धागे सातबाऱ्यावर अजून आहेत. तेव्हा सातबारा काढ, आणि नुसता आजचा नको, जुने फेरफार वाचून घे. इतर हक्कात कुळाचं नाव आहे का, भोगवटादार वर्ग 2 लिहिलंय का, ते बघ. तसं असेल तर विक्रीला परवानगी लागते. घराभोवतीचं आगर शेतजमीन असेल, तर ते घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो. तुमच्या दोघांपैकी कुणाच्या नावावर शेती आहे का? नसेल तर ‘घर आज घ्या, आगराचं मागाहून बघू’ या बोलण्याला भुलू नकोस. आगराशिवाय ते घर म्हणजे पाखाडीवरच्या चार भिंती, आणि विहीर तर आगरात आहे.

आणि हिस्सेदार! नाव एकाचं आणि ‘व इतर’ पुढे. ते इतर गिरगावात, डोंबिवलीत, एखादा न्यू जर्सीत. सगळ्यांच्या सह्या लागतात. 2005 नंतर मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, तेव्हा लग्न होऊन गेलेल्या आत्या, बहिणी, त्यांच्या मुली, सगळ्या धर. ‘ताईने सोडलंय हो’ हे तोंडी चालत नाही, नोंदवलेलं हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं. वकील रत्नागिरीतला घे, पुण्याचा नको, आणि विकणाऱ्याचा तर नकोच. तीस वर्षांचा सर्च करून घे, स्थानिक पेपरात जाहीर नोटीस दे. नोटिशीने कुठलातरी चुलत चुलता उगवतोच, तो खरेदीच्या आधी उगवलेला बरा. घर समुद्राकडे आहे म्हणून किनारा नियमन क्षेत्रात येतं का तेही नगररचना कार्यालयात विचार, नाहीतर मागे एक खोली वाढवायला जाशील आणि अडकशील.

खरेदी तुझ्या एकटीच्या नावे कर. बाईच्या नावे राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पुढे दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं मनात असेल, तर राज्याचं 2023 चं ‘आई’ धोरण बघ, पर्यटनासाठी बाईने घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. कागद पर्यटन संचालनालयातून घे, एजंटकडून नको. सवलतीसाठीच सांगते असं नाही हं, पण तेही तुझ्या अहोंना सांगायला बरं.

राहता राहिला गणपती. हे वकील तुला सांगणार नाही. ते मालकांचं मूळ घर आहे, चतुर्थीला सगळी भावकी तिथे जमते. घर विकतील, पण ‘गणपती मात्र इथेच आणू’ असं कुणीतरी हळूच म्हणेल, बहुतेक व्यवहार ठरल्यावर, डोळ्यांत पाणी आणून. तू हो म्हणशील, मला माहीत आहे. म्हण. पण दीड दिवस की पाच, किती माणसं, स्वयंपाक कुठे, राहणार कुठे, आणि किती वर्षं, हे साठेखत होण्याआधी बसून बोल आणि कागदावर घे. देवघरातले टाक कोण नेणार तेही त्याच बैठकीत विचार.